सुटं काही नको

पत्रकात पहिलीच सूचना: गाडीत सुटं काही नको.
म्हणून शनिवारी दुपारी, तिसऱ्या गेटाजवळच्या गॅरेजात
मी माझी झेन झाडते.
हत्तरगी टोलच्या पावत्या, एक चप्पल, डावी,
आईचा गुडघ्याचा पट्टा,
करदंटाचा दगड झालेला तुकडा, मुंग्यांसकट,
जॅक, स्टेपनी, मागची उशी.
सौंदत्तीचा भंडारा मात्र गालिच्यात मुरलाय.
ब्रश मारला, व्हॅक्यूम लावला.
शिद्दाप्पा म्हणाला, ऱ्हाऊ दे की बाई, तेचं वजन किती.

चाक उतरल्यावर मी पर्समधून व्हर्नियर काढते.
एकोणीस वर्षं उद्यमबागेत हेच काम:
दुसऱ्यांच्या गाड्यांचं ओतीव लोखंड मोजायचं,
पास, नापास, खडूची फुली.
डिस्क चार जागी मोजते. बोटांना ओळखीची वाटते,
खरं आमच्याच भट्टीतली म्हणायला पुरावा नाही.
नापास नाही, एवढंच लिहिता येईल.

ब्रेकचं जुनं तेल येतं, चार वेळा उकळलेल्या चहासारखं.
"ओत्तु," तो चाकाशी बसून म्हणतो. दाबते.
"बिडु." सोडते.
"ओत्तु."
बुडबुडे थांबेपर्यंत, चाळीस मिनिटं, बाकी बोलणं नाही.

घरी सांगितलंय, कोइमतूरला ट्रेनिंग आहे.
तसं ते आहेच.

दारावर आकडा हवा. आम्हाला आलाय एकाहत्तर.
"कुठल्या लिपीत?" शिद्दाप्पा विचारतो, आणि हसत नाही.
याहून लहान अक्षरांवरून इथे पाट्यांना डांबर लागलंय.
पण काळी चिकटपट्टी सरळच जाते,
तिला ना आमचा सात वळवता येतो ना त्याचा.
तीन तुकड्यांत काम झालं.

डॅशबोर्डवरचा गणपती सुटा की पक्का?
बोटानं ढकलला. हलला.
शिद्दाप्पानं उचलून खिशात घातला, दहाच्या पान्याशेजारी,
आणि चारी चाकांचे नट पुन्हा एकदा, रेंच कट् म्हणेपर्यंत.

निघताना म्हणाला, निधान.
त्याच्यात निधान म्हणजे हळू.
आमच्यात, पुरून ठेवलेलं धन.
महिनाभर वेगासाठी घासलेल्या गाडीला
हा असला निरोप!

पुढे गेट पडलेलं.
उसाच्या ट्रॉलीमागे, दारावर एकाहत्तर घेऊन,
मी इंजिन बंद केलं.