उपाशी पोटी

सातला शटर अर्धं वर सरकवलं,
तर आक्काताई मगदूम पायरीवर आधीच,
सांगलीच्या यार्डात, हळदीच्या गोदामाला जायच्या वाटेवर.

"चहा बी न्हाई घेतला.
सून इचारती, वार न्हाई, सण न्हाई, उपास कसला?"

काय त्रास होतोय?
"काय बी न्हाई. म्हणून तर आले."
या उत्तराला माझ्या फॉर्मवर रकाना नाही.

नखं पिवळीधमक. सवयीनं मी पापणी खाली ओढली.
"कावीळ न्हवं गं पोरी, राजापुरी हाय."

पट्टा आवळला. शीर काही सापडेना
पोती शिवून निबर झालेल्या त्या हातात;
त्यांनीच अंगठ्यानं चाचपून दाखवली :
हितं.

तीन नळ्या. जांभळी, पिवळी, करडी.
त्या बघत राहिल्या, मान न वळवता.
"धाकटी बेचाळीसची हुती. साखर म्हणं.
आमाला कळलं ते दवाखान्याच्या बिलावर."

कापूस दाबून धरला,
मधे लाल टिपका, कडेनं हळद,
आणि तिथंच पायरीवर भाकरीचं फडकं सोडलं.

रिपोर्ट संध्याकाळी, मी म्हटलं.
मुलाच्या मोबाईलवर पाठवू?

"नगं. माझ्या हातात दे.
आकडं येत्यात मला.
रोजची पोती कोण मोजतंय?"