तोंडावरची बाई

माझं काम आत न जाण्याचं.
त्याचा पगार मिळतो म्हटलं
की टोलीतल्या बाया पदराआड हसतात.

उपसा सिंचनाचा बोगदा. पंपघरापासून
टेकडीच्या पोटातून कालव्याच्या हौदापर्यंत नऊशे मीटर.
आत दोन मोठे पाइप, उजव्या भिंतीला केबलींचे थर,
पायाखाली घोटाभर पाणी, भर उन्हाळ्यातही.
तोंडाशी एक लोखंडी खुर्ची, फळीवर दहा खिळे
आणि मी, पंचफुला नन्नावरे,
कागदावर ‘प्रवेश पहारेकरी’.

आत जाणारा पितळी बिल्ला माझ्या हातात देतो.
मी तो खिळ्याला अडकवते, वेळ लिहिते.
रिकामा खिळा म्हणजे माणूस बाहेर.
भरला खिळा म्हणजे कुणाच्या तरी घरी
भात झाकून ठेवलेला.

आधी दोरीला बांधून यंत्र सोडायचं.
वीस पूर्णांक नऊ, मी लिहिते.
साडेएकोणीसच्या खाली गेलं
की कुणीच नाही, साहेबसुद्धा नाही.
बाप माझा विहिरींचा गाळ काढायचा.
तो कंदील सोडायचा.
ज्योत बसली की काठावर टेकून म्हणायचा,
“आज इहीर उपाशी हाये गा, उद्या येऊ.”

मोह पडत होता ते दिवस.
चिरकुट तीन नंबरच्या चेंबरमध्ये उतरला, गाळ काढायला.
सकाळचा आकडा चांगला होता.
गाळ ढवळल्यावर काय होतं, ते सकाळच्या आकड्याला कुठून कळणार?
कमरेला लावायचं दुसरं यंत्र चार्जिंगला होतं.
मी जाऊ दिलं.
हे मी नोंदवहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

अकरा चाळीस. “चिरकुट?” “हाव बाई.”
अकरा पंचेचाळीस. “सडल्या अंड्यावानी वास येऊन रायला.”
“चढ वर.”
“थांब ना, दोन घमेले रायले.”
अकरा सत्तेचाळीस. “गेला बाई वास. आता काहीच नाही येत.”

वास गेला म्हणजे गॅस गेला नसतो.
नाक गेलेलं असतं.

मी भोंगा दाबला. पंखा पूर्ण सोडला.
तेवढ्यात त्याचा साळा धावत आला, देवचंद,
तोंडाला ओला गमछा बांधून.
मी खुर्ची आडवी टाकली. मग स्वतःला.
“सोड मले!”
“तुझा बिल्ला मी घेणार नाही.”
“तुया घरचा असता तं?”

माझ्या घरचे होते.
ज्या दिवशी बापानं कंदील सोडला नाही
त्या दिवशी त्याच्यामागे काका उतरला,
काकामागे शेजारचा तानबा.
तीन बाजा एका अंगणात.
हे सांगायला वेळ नव्हता. मी त्याचा पट्टा धरून ठेवला,
त्यानं मनगटाला चावा घेतला, तरी धरून ठेवला.

पंपघरातून सिलिंडर लावून दोघं आले,
रूपचंद आणि ईश्वरदास.
मी त्यांचेही बिल्ले मागितले.
मास्कमधून रूपचंदनं शिवी हासडली.
मी वेळ लिहिली. अकरा एक्कावन्न.

फळीवर तीन बिल्ले. त्यांच्याकडे बघत राहणं
हेच माझं धावणं.

अकरा एकोणसाठला तिघं बाहेर.
चिरकुट निळा, पण खोकत होता.
खोकल्याइतकं गोड
मी त्या वर्षी काही ऐकलं नाही.

आता तो बकऱ्या राखतो.
नाक गेलं ते परत आलं नाही.
परवा ओंजळभर मोहफुलं माझ्यापुढे धरून म्हणाला,
“बाई, वास घेऊन सांग ना, कसे हायेत.”
मी सांगितलं.

देवचंद अजून बोलत नाही माझ्याशी.
पण सकाळी बिल्ला हातातच देतो,
टेबलावर टाकत नाही.