तीन कडांची बॅट

खेळ त्यांचाच.
मिशनच्या गोऱ्या बाईने शिकवला होता आजीला:
अकरा माणसं, पांढरे कपडे, टाळ्या हळू.
अकरावर थांबून बाकीच्यांना काय सांगायचं?
गावात एकशे चार जण होते. सगळे खेळले.
बॅट मग लांबली, खांद्याला लागली,
तिला तीन कडा आल्या.
चेंडू कुठे जाईल
हे मारणारीलाही सांगता येत नाही.

त्या वर्षी आम्ही भुंगे वेचणं सोडलं होतं.
माडाला लागणारे शिंगवाले भुंगे,
घरटी इतके, मोजून, सरकारी डब्यात.
माड आमचेच, नुकसानही आमचंच,
तरी सोडलं.
कर दिला नाही, नाव नोंदवलं नाही,
आणि निळ्या लावालावाला पांढरा पट्टा शिवून
पुरुष रानात गेले.
हातात काठीसुद्धा नव्हती.
बंदरावरच्या गोळीबाराला महिना झाला नव्हता.

सार्जंट टिंडल आला तेव्हा मोएलागी खेळत होती.
सातवा महिना, पाय रोवलेले.
त्याने वही उघडली. नाव?
"पेनितला," ती म्हणाली. ते तिच्या नवऱ्याचं.
पुढची म्हणाली, "तालिगालू." तो तिचा दीर.
तिसरीचा नवरा बंदरावरून परत आला नव्हता.
"फातु," ती म्हणाली,
आणि पुढचा चेंडू नीरफणसावरून पलीकडे धाडला.

दुभाषा पोरगा आमच्यातलाच.
मान खाली घालून इमानाने सांगत राहिला.
उन्हं कलेपर्यंत वहीत
सत्तावीस पुरुष हजर होते.

मी धावा मांडत होते, पत्र्यावर, कोळशाने.
सार्जंट मागे येऊन उभा राहिला.
हे क्रिकेट नव्हे, म्हणाला.
नव्हेच, मी म्हटलं.
मग तो बराच वेळ गेला नाही.
टोपी काढली. मानेवर उन्हाने सोललेलं कातडं,
वय माझ्या धाकट्या भावाएवढं.
"ती एक राहिली," म्हणाला.
खरंच राहिली होती.
मी रेघ ओढली.

रात्री भाजलेल्या अळकुड्या केळीच्या पानात बांधून
पोरं रानात गेली, सोबत निरोप:
पेनितला एकोणीस. तालिगालू शून्यावर बाद.
तालिगालू म्हणे जेवलाच नाही रागाने,
उद्या मीच येतो म्हणाला, चौघांनी धरून ठेवला.

फातुच्या किती, हे कुणी विचारलं नाही.
पाऊस लागू नये म्हणून
पत्रा मी घरात आणून उलटा ठेवलाय.