पोलादी बर्फ

एकोणीस दिवस झाले, गणित चालूच आहे.
तळघरात पंखे घोंघावतायत
आणि पडद्यावर अजून
सेकंदाचा हजारावा हिस्साही उलटलेला नाही.

लेझर पुढे सरकतो. त्याच्यामागे केसाच्या रुंदीचं तळं:
निकेल, क्रोमियम, चिमूटभर नायोबियम.
काठाकडून घन चालून येतो
बोटं पुढे काढत, बोटांना बोटं फुटत,
वाटेतल्या नायोबियमला म्हणत, सर, सर पलीकडे.
सावकाश आला असता तर ते सरलंही असतं.

एकच आकडा मी पंधरवडाभर चाळवत बसलेय:
काठ किती वेगाने आला म्हणजे
अणूला बाजूला व्हायची फुरसत उरत नाही
आणि तो निघता निघताच थिजतो.

वरच्या मजल्यावर राइमो पुक्किला
नमुना कापतो, घासतो, आरसा होईस्तोवर घासतो,
आम्लाचा थेंब, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा.
"हिल्लेवी, तुझ्या पेशी जाड आल्यात," फोनवर म्हणतो,
"इथे निम्म्याही नाहीत."
आणि ठेवून देतो. माणूस शब्दांना महाग.

शनिवारी साइमा तलावावर त्याने
करवतीने बर्फाचा चौकोन कापला,
दोन आकड्यांनी वर ओढून माझ्या बुटांपाशी टाकला.
खालचा थर काळा, नितळ; पलीकडे धरलेला हातमोजा दिसला.
वरचा दुधी, बुडबुड्यांनी गच्च.
"खालचा तीन आठवडे वाढत होता," तो म्हणाला,
"हवेला बाहेर पडू दिलं त्याने.
वरचा एका रात्रीतला. हिमाचा चिखल झाला, आणि धरलं."

त्या खालच्याला आम्ही पोलादी बर्फ म्हणतो.
शाळेच्या आधीपासून म्हणतेय.
आज हसू आलं:
माझ्या पडद्यावर मुळात पोलाद नाही,
आणि आहे ते या वरच्याच्या जातीचं,
घाईत जे सापडलं ते पोटात घेऊन उभं.
त्यावर उद्या विमानाचं पातं फिरणार.

"वरचा भार घेतो?" मी विचारलं.
"घेतो. पण जाडी मोजताना निम्मी धरायची."
मग बराच वेळ नुसता गळ खालीवर.
एक पर्च आला, तळहाताएवढा. त्याने सोडून दिला.

सोमवारी मी आकडा बदलला.
पुन्हा एकोणीस दिवस.
तोवर तलाव कडेने सुटायला लागलेला असेल,
आणि राइमो फोनवर काय म्हणेल
याचं मात्र माझ्याकडे कुठलंच समीकरण नाही.