वीतभर

तैस्तोने आधी यंत्रं कागदाची कापली.
चौकटीच्या वहीवर
दोघांनी उचलायची गोल करवत
नखाएवढी झाली.
तीन रात्री सरकवत बसला.
लेथ खिडकीशी नेली की दार उघडेना,
दार उघडलं की तोच मावेना.
हो, स्वतःचाही एक तुकडा कापला होता त्याने,
बटणाएवढा, पोट धरून.

गोठ्यात चाळीस वर्षं गाय नव्हती, भुसा होता.
आता कुओपिओत, चौथ्या जिन्याखालचं तळघर,
शेजारच्या जाळीत कुणाचे तरी स्की.

करवत एस्कोच्या पोराने नेली.
पैसे तैस्तोने न मोजताच खिशात टाकले.
पटाशा, गिरमिटं, गुण्या
एकेका लोकरी मोज्यात बांधली.
मोजे माझे. विचारलं नाही.

भुर्जाची एक फळी मात्र
उभी राहीना, आडवीही.
एकोणीस वर्षं कशासाठी तरी ठेवलेली.
कशासाठी, म्हटलं.
"ते ठरलं की कापेन."
ती आमच्या पलंगाखाली आहे.

शेवटी कामाचं बाकच वीतभर लांब निघालं.
सगळ्यांची लाकडं ज्याच्यावर कापली
त्याला कापताना टेकवायचं कशावर?
टोक मी धरलं.
हात हलू देऊ नकोस इर्या, एवढंच बोलला,
आणि मग करवतच थांबली त्याची, निम्म्यावर.
मी दुसरीकडे पाहिलं.
आतलं लाकूड कोवळं होतं, कालच्यासारखं.

तो तुकडा स्वयंपाकघरात आहे,
गरम पातेल्याखाली.
त्यावर सरसाचे थेंब
आणि पेन्सिलीने केलेली एक जुनी बेरीज,
चुकलेली.