खुर्ची

माझ्या दुकानात खुर्ची एकच,
डाव्या हाताचं रेक्झिन फाटलेली.
गेल्या आठवड्यापासून तिच्यात बसून
सगळेच डॉक्टर झालेत.

ढेंगळे मास्तर गळ्याला कापड बांधून घेता घेता म्हणाले,
"सभापतीले आजार हाये गा. मोबाईलवर वाचलं म्या.
लहानपनी बापानं जीव नाई लावला का असं होते."
बाकावरून निस्तानेनं मान हलवली,
"घडीत हासते, घडीत पेटते. डोक्शातलंच हाये ते."
पेपराच्या आडून कुणीतरी म्हणालं, "सायको."
आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं,
ताप कशाचा ते कळल्यावर वाटतं तसं.

नदीकाठी पारध्यांचा बेडा होता.
एकोणीस पालं.
जेसीबी मंगळवारी आला, लांबच्या तालुक्यातला,
मंगळवारी, कारण बाप्ये बाजाराला जातात.
आदल्या संध्याकाळी सभापती याच खुर्चीत होता.
गालावर फेस, डोळे मिटलेले.
"पोरीले बारावीत किती पडले?"
सत्त्याहत्तर, म्हटलं.
"अकरावीत एकाहत्तर होते न?"
होते.
त्याच्या ध्यानात होते.
बीट जमादार उद्या रजेवर आहे, हेही.

एकतीस वर्षं डोकी माझ्या हातात येतात.
उवा कळतात, जुने टाके कळतात,
कुणाला झोप नाही ते मानेवरून कळतं.
आतलं बोटांना कळत नाही.
असेलही काही त्याच्यात. मी कोण नाही म्हणणारा?
पण न तपासता सांगू नये, एवढं
मला माझ्या भावानं शिकवलंय.

सुकदेव.
वेशीवरची डीपी त्याच्याशी बोलते.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी दिग्रसला सुई,
जाताना एसटीत माझा हात धरून बसतो.
आयुष्यात फोडलं ते एक ताट,
तेही स्वतःचं, जेवण झाल्यावर.
बेडा मोडला त्या रात्री
आपली सतरंजी उचलून नदीकडे गेला
आणि रिकाम्या हातानं, कुडकुडत आला.

आता पोरं त्याला पाहून ओरडतात,
"सायको! ओ सभापती!"
परवा एक खडाही आला.
मास्तरांचं निदान, शाळा सुटल्यावर.

काल दुकान बंद करून त्याचे केस कापत होतो.
"दादा, सभापतीले बी सुई लागते का?"
कोन म्हनते?
"मास्तर."
आरशात तो बराच वेळ विचार करत राहिला.
"मंग सोमवारी आपल्यासंग येऊ दे त्याले.
खिडकीची जागा मी देतो."

हालू नको, म्हटलं.
कानामागचे थोडे राहिले होते.