पंधरा पिकोफॅराड

मिरोस्लावा आली तेव्हा नोव्हेंबर होता,
नेरिसवर धुकं, आणि वर्कशॉपचा हीटर
पालिकेनं अजून सुरू केला नव्हता.
कोटाच्या आतल्या खिशातून तिनं चष्म्याची डबी काढली.
डबीत चष्मा नव्हता.
काळी वायर, गुंडाळून गुंडाळून वळ पडलेली,
टोकाला आकडा,
मुठीवर सुरीनं कोरलेली दोन अक्षरं.
बापाचा प्रोब.
खारकिव्हहून निघताना एका पिशवीच्या हिशेबात
तिनं हा घेतला होता,
बरे बूट मागे ठेवले होते.

माझा स्कोप जपानी, दोन वर्षांचा.
त्याच्याबरोबर आलेले चार प्रोब
अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहेत.
मी ड्रॉवर उघडून दाखवला.
तिनं नुसती मान हलवली.

दोघींना येणारी एक भाषा आहे.
मला ती शाळेत सक्तीची होती, तिला घरची.
ती आम्ही टेबलावर आणली नाही.
तिच्याकडे लिथुएनियनचे अकरा शब्द,
त्यातले दोन ब्रेडचे.

सॉकेट मात्र सगळीकडे सारखं.
प्रोब घातला, पाव वळण, खट्.
बसला. कुणाचाही कुठेही बसतो,
फसगत होते ती इथेच.

पडद्यावर चौकोनी लाट हवी होती,
आली ती शिंगं घेऊन.
प्रत्येक चढाच्या डोक्यावर एक टोकदार शिंग,
प्रत्येक उताराच्या पायाशी त्याचंच उलटं.
तिनं मुठीतला स्क्रू फिरवला. शिंग खचलं.
आणखी फिरवला, आणखी थोडं.
मग स्क्रू अडला.
शिंग अडलं नाही.

वर आकडाही खोटा. असायचे तीन व्होल्ट,
स्कोप म्हणे शून्य पॉइंट तीन.
नव्या प्रोबांच्या गळ्याशी एक पिन असते,
ती स्कोपच्या कानात सांगते, मला दहानं गुणा.
या म्हाताऱ्याला पिनच नाही.
तो काही सांगत नाही, आपण ओळखायचं.
मेन्यूत जाऊन मी दहा केलं.
ते सोपं होतं.

सॉकेटखाली बारीक छापलंय: तेरा.
तिनं पावाच्या कागदावर लिहिलं: तीस.
तीस म्हणजे तिच्या बापाचा स्कोप,
जो आता कुठे आहे ते मी विचारलं नाही.
तेरा आणि तीस, सूत जुळणार कसं?
ती गप्प बसली. मग दोन्ही पंजे उघडले,
मिटले, आणि एकच उघडला.

पंधरा.
रिमविदासची सिगारची पेटी मी वरून काढली,
या शहरात स्कोप बनत होते तेव्हाची.
पेटीत स्क्रू, फ्यूज, कुणाचा तरी दुधाचा दात,
आणि मसुराएवढा एक कपॅसिटर, पंधराचा.
टिनच्या छोट्या डबीत तिनं तो जोडला,
स्कोप आणि प्रोब यांच्या मधोमध.
डाग देताना तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर.

अर्धं वळण. शिंग गेलं.
लाटेचा माथा पाटासारखा सपाट.

फुकटात काही होत नाही.
वरच्या पट्टीतलं आता थोडं कमी दिसेल.
व्हेंटिलेटरच्या बोर्डाला
एवढं पुष्कळ झालं.

डबीवर चिकटपट्टी लावली. तिनं पेन धरून
डबीकडे बोट केलं, मग माझ्याकडे पाहिलं.
तार्प, मी म्हटलं. मधे.
तिनं आपल्या लिपीत लिहिलं, सावकाश.
बारावा.

तारीख मी घातली.
हीटर सोमवारी सुरू झाला.